आधी हिशेब, मग हौद

जिल्हा बैठकीत चर्चा कापसाच्या भावावरून सुरू होते, विजेच्या बिलावर येते, आणि जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतो, "भाऊ, ते मासे आणि भाजी एकाच पाण्यात होते म्हणतात. माती लागत नाही, खत लागत नाही, पाणी दहावा हिस्सा लागते. आपल्याकडे जमेल का?" विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये एखादी चित्रफीत असते. पांढऱ्या नळ्यांतून हिरवीगार भाजी डोलते आहे, खाली टाकीत मासे फिरताहेत आणि पांढऱ्या कपड्यातला मालक हसतो आहे.

हा प्रश्न आता इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर सुट्टीत उभ्याउभ्या देण्यापेक्षा इथे छापलेले बरे. शिवाय गावोगाव माणसे फिरू लागली आहेत. तयार संच देतो, कर्जाचे कागद आम्हीच करतो, निघेल तो माल आम्हीच उचलतो, असे सांगतात. "माल आम्हीच उचलतो" हे वाक्य कोरडवाहू मुलखाने सफेद मुसळीच्या वेळी ऐकले, इमूच्या वेळी ऐकले, २०१९ साली कडकनाथ कोंबडीच्या वेळीही ऐकले. उचलणारे पुढे कुठे गेले ते वाचकांना सांगायला नको.

तरीही ॲक्वापोनिक्स म्हणजे थोतांड, असे म्हणून हात झटकणे आम्हाला मान्य नाही. शास्त्र खरे आहे, आणि ते शेतकऱ्याला नवे नाही. ताजे शेण पिकाच्या मुळाशी टाकले तर पीक करपते, तेच शेण उकिरड्यात कुजवून टाकले तर पीक तरारते. मधल्या काळात काय होते? शेणातल्या अमोनियाचे मातीतले जिवाणू आधी नायट्राइट करतात, मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पिकाला मानवते. युरिया टाकल्यावर जमिनीत घडते तेही हेच. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. त्याच पाण्यात तो साठला तर मासा मरतो. ते पाणी गिट्टीच्या वाफ्यातून फिरवले तर गिट्टीवर वाढलेले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, भाजी ते खाते आणि निवळलेले पाणी पुन्हा माशाकडे येते. एवढीच ती करामत. अरुणाचलच्या झिरो खोऱ्यात आपातानी लोक धानाच्या बांधीतच मासे वाढवतात, आणि भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर धान आणि मासे दोन्ही पोसले गेले ते आपण जाणतोच. टाकी, पंप आणि गिट्टीची मांडणी मात्र अलीकडची. १९८० च्या दशकात अमेरिकेत मार्क मॅकमर्ट्री यांनी नॉर्थ कॅरोलायनात आणि जेम्स रेकोसी यांनी व्हर्जिन बेटांवरच्या विद्यापीठात ती बसवली.

महागडा युरिया

"खत लागत नाही" असे पत्रकात लिहिलेले असते. खत लागते. ते माशाच्या खाद्याच्या पोत्यातून येते आणि त्याचे पैसे तुम्ही देता.

एक किलो खाद्य घ्या, त्यात बत्तीस टक्के प्रथिने धरा. प्रथिनांत सोळा टक्के नत्र असते, म्हणजे किलोमागे एक्कावन्न ग्रॅम नत्र. त्यातले तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास माशाच्या अंगी लागते, बाकी साधारण पस्तीस ग्रॅम पाण्यात उतरते. पस्तीस ग्रॅम नत्र म्हणजे शहात्तर ग्रॅम युरिया. पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना धरली तर शहात्तर ग्रॅमचे पंचेचाळीस पैसे होतात. आणि ते एक किलो खाद्य गावात पोचेपर्यंत साठ रुपयांना पडले, असे धरू. म्हणजे मासा जर खाण्यात किंवा विकण्यात आला नाही, तर तुम्ही पंचेचाळीस पैशांच्या नत्राला साठ रुपये मोजले. या पद्धतीत खरे पीक मासा आहे, भाजी हे जोडपीक. विकणारे चित्र उलटे दाखवतात, कारण भाजी फोटोत चांगली दिसते.

आता घरच्या संचाचा महिना मांडू. हजार लिटरची टाकी, दहा किलो मासे, तीन चौरस मीटर गिट्टीचा वाफा. वाढत्या माशाला रोज वजनाच्या दीड टक्का खाद्य, म्हणजे दीडशे ग्रॅम. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज चाळीस-पन्नास ग्रॅम खाद्याचे नत्र पुरते, तेव्हा तीन मीटरचा मेळ बसला. महिन्याला साडेचार किलो खाद्य, २७० रुपये. पाण्याचा आणि हवेचा पंप मिळून तीस वॅट, चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे जवळपास बावीस युनिट. आठ रुपये दर धरला तर १७५ रुपये. टाकी, वाफा, नळ्या, पंप यांना पंधरा हजार गेले आणि ते पाच वर्षे टिकले तर महिन्याला २५० रुपये झीज. एकूण ६९५. रोजचा अर्धा तास, महिन्याचे पंधरा तास, याची मजुरी अजून धरलेली नाही.

जमेला काय? अडीच किलो मासा, किलोला दीडशे धरून ३७५. नीट बसलेल्या वाफ्यातून नऊ किलो भाजी धरली, तीस रुपयांनी २७०. एकूण ६४५. मजुरी शून्य धरूनही पन्नास रुपये खड्डा. घरच्या माणसांची मजुरी शून्य धरून काढलेला उत्पादन खर्च आपण सरकारकडून चालवून घेत नाही, तो संच विकणाऱ्याकडूनही चालवून घेऊ नये. आकडे तुमच्या गावचे घाला, दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतील. पण या जमेवर कर्जाचा हप्ता बसत नाही, हे कोणत्याही आकड्याने बदलत नाही.

मग करायचेच कशाला? ज्या घरात चैत्रापासून मृगापर्यंत भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा आणि बेसन याखेरीज काही नसते, त्या घरात आठवड्यातून दोनदा पालक किंवा चुका, हाताशी सांबार आणि महिन्यातून दोन-तीन वेळा घरचा मासा आला, तर त्याचा भाव बाजारात लागत नाही. बाळंतिणीच्या आणि शाळकरी पोरांच्या ताटात लागतो. या हिशेबाने ज्याला करायचे त्याने अवश्य करावे, आणि पुढचे त्याच्यासाठी आहे.

पाण्याचे खरे-खोटे

झाड मातीत असो की गिट्टीत, उन्हात उभे राहून हवेत जेवढे पाणी सोडायचे तेवढे ते सोडतेच. वाचते ते पाटात जिरणारे आणि मुळाखाली मुरणारे पाणी. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी दिवसाला दहा-बारा मिलिमीटर सहज उतरते. तीन चौरस मीटरच्या वाफ्याला त्या हिशेबाने तीस-पस्तीस लिटर, दोन-अडीच हंडे. टाकी झाकली, वाफ्यावर हिरवी जाळी किंवा पऱ्हाट्यांचा मांडव टाकला तर त्यात बरीच कपात होते. ज्या गावात वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते तिथे हे दोन हंडे कोण आणणार, हे घरात आधी विचारा. हंडा डोक्यावर घेणारीला न विचारता बापे लोकांनी ठरवलेला संच आषाढीपर्यंतही टिकत नाही, असे आम्ही पाहिले आहे.

पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातल्या भावांनी विहिरीचे, बोअरचे पाणी यात घालूच नये. पाणी उडते, क्षार मागे राहतात, रोज नवे पाणी ओतले की रोज नवे क्षार येतात. तिथे छपरावरचे पावसाचे पाणी साठवता आले तरच हा विचार करावा.

रोजची राखण

संच बसवणे दोन दिवसांचे काम आहे. चालवणे हे जनावर सांभाळण्यासारखे आहे, लग्नाला गेलो म्हणून म्हैस उपाशी ठेवता येत नाही तसे.

वाफ्यासाठी काळ्या दगडाची धुतलेली गिट्टी घ्या, अर्धा ते पाऊण इंची, एक फूट थर. मुरूम नको, तो गाळ सोडतो. चुनखडीचा दगड नको, त्यावर लिंबू पिळले की फेस येतो, त्यावरून ओळखा. टाकी सावलीत आणि झाकलेली असावी, उजेड मिळाला की पाणी हिरवे होते.

नळाचे पाणी थेट भरू नका. ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते, तिच्यातला क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो आणि जिवाणू मारतो. पाणी उघड्या भांड्यात दोन दिवस ठेवून मग ओता. पावसाळ्यात पावडर जास्त पडते तेव्हा ही काळजी दुप्पट.

सर्वांत जास्त मासे मरतात ते पहिल्या महिन्यात, घाईमुळे. गिट्टीवर जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत पाच-पंचवीस गप्पी मासे सोडा, डासांसाठी आरोग्य खात्याची माणसे सोडतात तेच. चालू संचातली मूठभर गिट्टी कोणी दिली तर वाफ्यात मिसळा, विरजण लवकर लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी शोभेच्या माशांच्या दुकानात अमोनिया आणि नायट्राइट मोजायची औषधे मिळतात. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढते आणि उतरते. दोन्ही शून्याजवळ आले आणि नायट्रेट दिसू लागले की मोठ्या माशांची बोटुकली सोडा. माळकरी घरांनी गप्पींवरच थांबावे, वाफा छोटा ठेवावा, सांबार आणि मेथीपुरते काम होते. गप्पी ओढ्यात मात्र कधी सोडू नका.

कोणता मासा? जिथे वीज जाते तिथे हवेतला प्राणवायू घेऊ शकणारा मासा बरा: देशी मागूर, शिंगी, मरळ. मरळ आपलीच पिल्ले खाते, तेव्हा एका मापाची सोडावी. सायप्रिनस काटक आहे पण त्याला पाण्यात हवा लागते. रोहू-कटला तळ्याचे मासे, टाकीत वाढत नाहीत. तिलापियाला परवानगी लागते. थाई मागूरवर बंदी आहे, स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

खाद्य दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढेच. उरलेले काढून टाका, ते कुजले की पुन्हा अमोनिया. उरलीसुरली भाकर टाकीत टाकायची सवय पोरांना लागू देऊ नका. आपल्याकडे पहिला विचार सरकीच्या पेंडीचा येतो. सरकीत गॉसिपॉल असते, ते म्हशीच्या पहिल्या पोटात निष्प्रभ होते, माशाला तशी सोय नाही. शेंगदाण्याची पेंड आणि धानाचा कोंडा समभाग ही तळ्यातली जुनी चाल आहे आणि पूरक म्हणून ती चालते, पण पेंडीला बुरशीचा वास असेल तर नको. खर्च वाचवायचा तर कडेच्या टोपल्यात ॲझोला वाढवा.

मग वीज. शेतातल्या फीडरवर हा संच चालणार नाही, घराच्या मीटरवरच ठेवा. तिथेही वीज जाते आणि डीपी जळाली तर आठवडा जातो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: वीस अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, पस्तीसला सातच्या आत. उन्हाळ्याच्या रात्री पंप थांबला तर दहा किलो मासे हजार लिटरात दोन-चार तासांत पृष्ठभागावर तोंड काढून आ वासू लागतात. पहाटे असे दिसले तर समजा, हवा कमी पडली. लगेच बादलीने पाणी उचलून वरून ओतत राहा आणि त्या दिवशी खाद्य बंद. कायमचा उपाय स्वस्त आहे. फवारणी पंपाला असते तशी बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासाची बॅटरी वेगळी आणा. पाच वॅटचा बारा व्होल्टवर चालणारा हवापंप निम्म्या चार्जवर आठ-नऊ तास ओढतो.

आपल्या विहिरींचे पाणी जड, सामू आठच्या आसपास. त्याचे दोन त्रास. एक, अमोनियाचा विषारी भाग सामू आणि उष्णतेबरोबर वाढतो. तीस अंशाच्या पाण्यात सामू सात असेल तर हा भाग एक टक्क्याच्या आत राहतो, आठ झाला की सात-आठ टक्के. तेव्हा अमोनिया दिसला की खाद्य थांबवा आणि चौथाई पाणी बदला. काढलेले पाणी मातीतल्या भाजीला घाला. दोन, लोह झाडाला मिळत नाही. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, हा केवडा भुईमुगावर पाहिलेला आहे. हिराकस टाकून उपयोग होत नाही, तो या पाण्यात टिकत नाही. ईडीटीए जातीचे चिलेटेड लोहही एवढ्या सामूला फसते, ईडीडीएचए जातीचे घ्या. सहा टक्के लोह असलेली पावडर हजार लिटरला तीस-पस्तीस ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. पाणी थोडे लालसर होते, घाबरू नका. पावसाचे पाणी मिसळता आले तर दोन्ही त्रास हलके होतात.

पंपाची जाळी आठवड्यातून एकदा टाकीच्याच पाण्यात धुवा. वाफ्यातून सडका वास आला तर पाणी कुठेतरी तुंबले आहे, गिट्टी उकरून मोकळी करा. मूठभर गांडुळे सोडली तर हे काम बरेचसे तीच करतात.

फवारणीचे घर

कापसाच्या घरात हे सर्वांत अवघड आहे, आणि पत्रकांत याचा उल्लेखही नसतो. सायपरमेथ्रीनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे माशांना अत्यंत विषारी आहेत, थेंबांत मोजण्याएवढी मात्राही टाकी साफ करते. फवारणीचा पंप न्हाणीत धुतला, त्याच बादलीने टाकीत पाणी ओतले, फवारणीचे कपडे टाकीवर वाळत घातले, तेच हात खाद्याच्या डब्यात घातले, की झाले. मघाची बॅटरी वेगळी आणा असे सांगितले ते याचसाठी. सेंद्रिय म्हणून दशपर्णी अर्क चालेल, असेही नाही. त्यात धोतरा, रुई, एरंड असतो आणि निंबोळी अर्कही जास्त झाला तर माशाला सोसत नाही. मोहाची पेंड तर तळ्यातले नको ते मासे मारायला मुद्दाम विष म्हणून टाकतात. या वाफ्यावर मावा आला तर पाण्याची धार मारा, पाने खुडून टाका, रोप गेले तर जाऊ द्या.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. ज्या अंगणात मासा जगू शकत नाही त्या अंगणात पोरे खेळतात, हे लक्षात घेतले तर पंप धुण्याची जागा घरापासून लांब, विहिरीपासून लांब नेण्याला हौद असण्या-नसण्याची अट नाही.

सुरुवात कुठून

आमचे मत विचाराल तर पहिल्या वर्षी गिट्टी, नळ्या, पंप काहीच घेऊ नका. अंगणातला हजार लिटरचा हौद सावलीत घ्या. त्यात दोन-तीन किलोपेक्षा जास्त मासे होऊ देऊ नका. मातीतल्या भाजीला जे शंभर लिटर पाणी तुम्ही तसेही घालणार, ते रोज हौदातून काढून घाला आणि तेवढेच ताजे पाणी उंचावरून धार धरून हौदात सोडा. धारेने हवा मिळते. जिवाणूंचे काम हौदाच्या भिंती आणि तुमची काळी माती करते, लोहाचा आणि बॅटरीचा प्रश्न येत नाही. ज्यांच्याकडे २०१६ नंतर मागेल त्याला शेततळे योजनेतून तळे झाले आहे, त्यांनी हेच मोठ्या प्रमाणात करावे. पावसाळ्यात बोटुकली सोडावी, आणि कापसाला संरक्षित पाणी द्यायचे ते माशांखालून काढून द्यावे.

वेळ साधायची तर बोटुकली आषाढ ते भाद्रपदात मिळतात. हिवाळ्याच्या कडाक्यात मासा खात नाही, तेव्हा खाद्य कमी करा. मोठे झालेले मासे होळी ते पाडव्यापर्यंत काढून घ्या, म्हणजे वैशाखाच्या तापल्या पाण्यात थोडेच उरतील. एक उन्हाळा हौद जगवून दाखवला की गिट्टीचा वाफा लावायला आम्ही स्वतः येऊ.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या विहिरीचे पाणी स्वच्छ बाटलीत, काठोकाठ भरून, गावाचे नाव लिहून आणा. सामू आणि क्षार तिथेच मोजून देऊ. ज्यांना संचाचे दरपत्रक मिळाले आहे त्यांनी तेही आणावे, आणि शक्य असेल तर घरधनिणीलाही.